घाट उतरावा इंजिनावर

खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरणाऱ्या चाळीस टनी ट्रेलरला आवरायला काय लागतं, याचा हिशेब प्रत्येक ट्रकमालकाने एकदा तरी कागदावर मांडावा. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटरवर आहे, खोपोली साठ-सत्तर मीटरवर. मधलं अंतर पाचशे मीटरच धरू. चाळीस टन वजन एवढ्या उंचीवरून खाली येताना जी ऊर्जा मोकळी होते, तिच्यावर सहाशे लिटर पाणी उकळून वर थोडी उरेल. रस्त्याचं आणि हवेचं घर्षण त्यातला थोडा वाटा उचलतं. बाकीची उष्णता कुठे तरी जावीच लागते. पाय ब्रेकवर ठेवून उतरलात तर ती ड्रममध्ये आणि लायनरमध्ये साठते. इंजिनावर उतरलात तर तिचा मोठा भाग सायलेन्सरमधून आणि रेडिएटरमधून वाऱ्यावर जातो. एक्झॉस्ट ब्रेक असतो तो यासाठी.

महाराष्ट्रातल्या रस्त्यांवरच्या बऱ्याच जड गाड्यांना हा ब्रेक कारखान्यातूनच बसवलेला येतो. काही गाड्यांत त्याचं बटण क्लचशेजारी पायाजवळ असतं, काहींत स्टिअरिंगच्या दांड्यावर, तर काहींत डॅशबोर्डवर. तरीही तो नेमका कधी लावायचा, कोणत्या गियरमध्ये आणि किती भरवशाने, हे चालकाला कोणी बसून सांगितलेलं नसतं. उस्तादाने जे केलं तेच क्लीनरने पाहिलं, आणि क्लीनर पुढे चालक झाला. त्यामुळे बटण आहे, पण उपयोग अर्धामुर्धा, अशी स्थिती बऱ्याच ठिकाणी दिसते.

आधी यंत्र समजून घेऊ. पेट्रोल गाडीत ॲक्सिलरेटर सोडला की हवेच्या वाटेवरची झडप मिटते, इंजिनाला हवा ओढताना जोर लावावा लागतो आणि गाडी आपोआप मंदावते. डिझेल इंजिनात तशी झडप नसते. पाय काढला की डिझेल बंद होतं, पण हवा मोकळी आत येते आणि मोकळी बाहेर जाते. म्हणून डिझेल गाडीचं नुसतं इंजिन उतारावर फारसा अडसर करत नाही. एक्झॉस्ट ब्रेक ही उणीव बाहेर जाणाऱ्या बाजूने भरून काढतो. टर्बोच्या पुढे, धुराच्या पाइपात एक फिरती पाकळी बसवलेली असते. बटण दाबलं आणि ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला, की हवेच्या दाबावर ही पाकळी आडवी होते. सिलिंडरमधली हवा बाहेर पडायला वाट राहत नाही, पाइपात दाब चढतो आणि पिस्टनला प्रत्येक वेळी त्या दाबाविरुद्ध वर जावं लागतं. ती रेटारेटी गियरबॉक्स, शाफ्ट आणि डिफरन्शियलमार्गे मागच्या चाकांपर्यंत पोचते आणि चाकं आखडतात. लायनर ड्रमला शिवतसुद्धा नाही.

याहून जबर प्रकार म्हणजे कॉम्प्रेशन ब्रेक. तो थेट सिलिंडरच्या व्हॉल्व्हवर काम करतो. त्यामागे एक किस्सा आहे. डिझेल इंजिनांचा प्रवर्तक क्लेसी कमिन्स १९३१ मध्ये ट्रक घेऊन न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला निघाला होता. कॅलिफोर्नियातल्या कॅहोन खिंडीच्या उतारावर ब्रेकनी साथ सोडली, खाली रेल्वेचं फाटक होतं आणि त्यावरून मालगाडी चालली होती. तो थोडक्यात बचावला, पण ही गोष्ट त्याच्या डोक्यातून गेली नाही. पुढे त्याच्या कल्पनेतून तयार झालेला इंजिन ब्रेक जेकब्ज कंपनीने १९६१ मध्ये बाजारात आणला. त्याच कमिन्सच्या नावाचा कारखाना किर्लोस्करांच्या भागीदारीत १९६२ साली पुण्यात उभा राहिला, म्हणजे गोष्ट तितकीशी परकी नाही. अमेरिकेतल्या कित्येक गावांच्या वेशीवर इंजिन ब्रेक लावू नका असे फलक दिसतात, ते या कॉम्प्रेशन ब्रेकच्या फटफट आवाजामुळे. आपल्या एक्झॉस्ट ब्रेकचा आवाज तसा नसतो. दबका फुसफुसाट, इतकाच. तिकडे पिकअपमागे मोठा ट्रेलर जोडून डोंगरात फिरायला जाणारे आपले मराठी लोकही आहेत. त्यांच्या डिझेल पिकअपमध्ये बहुधा वेगळी पाकळी नसते, टर्बोचीच पाती मिटून तेच काम होतं. गाडी निराळी असली तरी पुढे येणारे नियम तिलाही लागू आहेत.

वेग माथ्यावरच ठरतो

एक्झॉस्ट ब्रेक वेग धरून ठेवतो. वाढलेला वेग खाली आणायला तो फारसा उपयोगी पडत नाही. त्याच्याबद्दलचे बहुतेक गैरसमज आणि बहुतेक फजित्या या एका गोष्टीकडे काणाडोळा केल्याने होतात.

पुन्हा आकड्यांकडे वळू. उतार शंभर मीटरला पाच मीटर आहे आणि गाडी चाळीस टनांची. ताशी ४० किलोमीटरने उतरायचं तर घर्षणाचा वाटा वजा करून सुमारे १८० किलोवॉट ताकद सतत शोषून घ्यावी लागते. अडीचशे अश्वशक्तीच्या इंजिनाचा एक्झॉस्ट ब्रेक ढोबळमानाने इंजिनाच्या निम्म्या ताकदीच्या आसपास आवरतो, म्हणजे नव्वद-शंभर किलोवॉट. उरलेली ऐंशी-नव्वद लायनरच्या माथी. आता वेग ताशी २० वर आणा. लागणारी ताकद निम्मी होते, नव्वदच्या घरात येते. गियर नीट निवडला असेल तर इंजिनाचे फेरे तेवढेच राहतात, त्यामुळे एक्झॉस्ट ब्रेकची ताकद कमी होत नाही. गाडी जवळजवळ एकट्या इंजिनावर खाली येते आणि ड्रम थंड राहतात. तोच घाट, तेच वजन, तीच गाडी. फरक पडला तो माथ्यावर निवडलेल्या गियरमुळे.

म्हणून घाट सुरू होण्याआधी, रस्ता अजून सपाट असताना, गियर खाली आणा. चढताना जो गियर लागला असता तोच उतरताना लावावा, असं जुने चालक सांगतात. सल्ला चांगला आहे, पण तो जुन्या गाड्यांच्या काळातला. आजची दमदार इंजिनं भरल्या मालासह वरच्या गियरमध्येच चढतात, त्यामुळे चढाच्या गियरपेक्षा एक गियर खाली ठेवणं शहाणपणाचं. लागलाच नाही तर पुढे वर चढवता येतो. उलट करायला गेलात तर मात्र अडचण होते. उतारावर गाडी पळू लागल्यावर खालचा गियर टाकायला क्लच दाबला, की त्याच क्षणी एक्झॉस्ट ब्रेक सुटतो, कारण इंजिन आणि चाकं यांचा संबंधच तुटतो. वेग वाढलेला असल्याने खालचा गियर पडत नाही, आणि आता तर आधीचाही लागत नाही. चाळीस टन न्यूट्रलमध्ये. त्यातूनही जोर लावून गियर बसवलाच, तर इंजिनाचे फेरे मर्यादेपलीकडे जाऊन व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटण्याची भीती असते.

फेऱ्यांबद्दल चालकांच्या मनात एक अढी बसलेली आहे. मीटरवरचा हिरवा पट्टा सोडायचा नाही, हे त्यांना पहिल्या दिवसापासून पढवलेलं असतं. डिझेल वाचवण्यासाठी ते बरोबरच आहे. पण हिरव्या पट्ट्यात एक्झॉस्ट ब्रेक दुबळा असतो. त्याचा खरा जोर फेरे वाढल्यावर, हिरव्याच्या वर आणि लालच्या अलीकडे येतो. काही कंपन्या त्यासाठी मीटरवर वेगळ्या रंगाचा पट्टाही रंगवतात. डिझेल बंद असताना त्या फेऱ्यांवर इंजिनाचा आवाज वाढतो आणि नवख्याला धडकी भरते, पण कंपनीने दिलेल्या मर्यादेत इंजिनाचं काही बिघडत नाही. आवाज वाढला म्हणून घाबरून वरचा गियर टाकणारे पाहिले की वाटतं, यांना घाटात पाठवण्याआधी एकदा रिकाम्या उतारावर नेऊन हा आवाज ऐकवायला हवा.

मग पायाच्या ब्रेकचं काम काय? वेग ठरवलेल्या आकड्याच्या वर सरकू लागला तर तो खाली आणायचा, आणि लगेच सोडून द्यायचा. समजा तुम्ही ताशी २५ ठरवले. काटा पंचवीसला टेकला की ब्रेक ठाम दाबा, सतरा-अठरापर्यंत उतरवा, दोन-तीन सेकंदांत पाय काढा. मग पुन्हा पंचवीस होईपर्यंत इंजिनाला सांभाळू द्या. हलका पाय सतत ब्रेकवर ठेवणं सौम्य वाटतं, पण ड्रमला त्यात निवायची फुरसत मिळत नाही. आणि दर काही सेकंदांनी पायडल मारावं लागत असेल, तर गियर चुकला आहे असं समजा. सुरक्षित जागा पाहून थांबा आणि थांबलेल्या गाडीत खालचा गियर टाका.

आणखी एक बारीकशी गोष्ट. बऱ्याच गाड्यांत एक्झॉस्ट ब्रेक लागला तरी मागचे लाल दिवे लागत नाहीत. मागच्या कारवाल्याला तुमचा ट्रेलर मंदावतोय हे कळत नाही. डावी लेन धरा, आणि मागे कोणी फार चिकटून येत असेल तर पायडलला नुसता स्पर्श करून दिवा दाखवा.

तापलेला ड्रम

ब्रेक फेल, हे दोन शब्द बातमीत वाचायची आपल्याला सवय झाली आहे. प्रत्यक्षात बऱ्याचदा काही तुटलेलं नसतं. ट्रकचा ड्रम चारशे मिलिमीटरच्या आसपास व्यासाचा, बिडाचा. तो तीनशे अंशांपर्यंत तापला की फुगतो, व्यास मिलिमीटरभर किंवा थोडा अधिक वाढतो. लायनर आणि ड्रम यांच्यातली फट मुळात मिलिमीटरच्या आतबाहेर. म्हणजे ड्रम लायनरपासून लांब पळतो आणि ब्रेक चेंबरच्या दांड्याला तेवढा जास्त पल्ला गाठावा लागतो. त्या दांड्याचा पल्ला मर्यादित असतो. ही फट जुळवून ठेवणारा स्लॅक ॲडजस्टर आधीच ढिला असेल तर दांडा टोकाला पोचतो, पण लायनर ड्रमला नीट दाबला जात नाही. शिवाय लायनरचा मसालाही त्या उष्णतेत पकड सोडतो. चालक पायडल तळापर्यंत दाबतो, हवा पुरेशी असते, सगळे भाग जागेवर असतात आणि गाडी थांबत नाही. खाली आल्यावर तासाभराने तपासणाऱ्याला ब्रेक ठीक आढळतात, कारण ड्रम निवलेला असतो.

पायडलला नेहमीपेक्षा जास्त जोर लागू लागला, करपल्याचा वास आला, आरशात चाकापाशी धूर दिसला, की गाडी बाजूला घ्या. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका. बीड तडकतं. हँडब्रेक ओढून तशीच उभीही करू नका, ड्रम निवताना आक्रसतो आणि लायनर जाम होऊ शकतो. गाडी गियरमध्ये ठेवून चाकांना ठोकळे लावा आणि तिला वेळ द्या. ठोकळ्याच्या जागी दगड लावला असेल तर निघताना तो उचलून कडेला टाका. मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याला रात्री तो दिसत नाही.

दुसरी घसरण हवेची. एअर ब्रेकला लागणारी हवा इंजिनावर फिरणारा कॉम्प्रेसर भरतो. पायडल पुन्हा पुन्हा पंप करत उतरलात तर टाकीतली हवा भरण्यापेक्षा वेगाने संपते. दाब साधारण पाच बारच्या आसपास खाली आला की इशाऱ्याचा दिवा आणि भोंगा सुरू होतो. त्यापुढे स्प्रिंग ब्रेक आपणहून बसू लागतात, आणि वळणावर ते बसणं काही सुखाचं नसतं. एक्झॉस्ट ब्रेक वापरणाऱ्या चालकाची हवा टिकते, कारण तो पायडल क्वचित दाबतो, आणि वाढलेल्या फेऱ्यांवर कॉम्प्रेसरही जोरात भरत असतो. हा त्याचा फारसा न बोलला जाणारा फायदा.

आणि न्यूट्रल. उतारावर गाडी न्यूट्रल करून सोडायची, कोणी तर इंजिनच बंद करतो, म्हणे डिझेल वाचतं. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री एका जड वाहनाने पुढच्या कितीतरी गाड्या उडवल्या. इंधन वाचवण्यासाठी उतारावर इंजिन बंद केल्याची बाब पोलिसांच्या तपासात पुढे आली होती. इंजिन बंद म्हणजे कॉम्प्रेसर बंद, पॉवर स्टिअरिंग बंद, एक्झॉस्ट ब्रेकचा प्रश्नच नाही. आणि डिझेल वाचतं हा समजही चुकीचाच. आजच्या इलेक्ट्रॉनिक इंजिनात गाडी गियरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंजेक्टर डिझेल पूर्ण तोडतात, चाकंच इंजिन फिरवत राहतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिनाला स्वतःच्या जिवावर चालू राहायला डिझेल लागतं. म्हणजे घाट न्यूट्रलमध्ये उतरणारा जास्त डिझेल जाळतो. ॲव्हरेजवर बक्षीस देणाऱ्या मालकांनी ही एवढी एक गोष्ट आपल्या चालकांना समजावून सांगितली तरी बराच फरक पडेल. ॲव्हरेज कमी आलं म्हणून पगारातून पैसे कापणारे मालक या अपघातांतून नामानिराळे राहतात, हे मला पटत नाही.

सुरुवातीला आलेल्या खंडाळ्याच्या उतारावर, म्हणजे भोर घाटात, रेल्वेचा मार्ग १८६३ मध्ये सुरू झाला. त्याचा उतार ३७ मीटरला एक मीटर, म्हणजे पावणेतीन टक्क्यांच्या आत. घाटातल्या कित्येक सडकांपेक्षा सौम्य. लोखंडावर लोखंड घसरतं, हे खरं. तरीही एवढ्या उतारासाठी रेल्वेने सुटलेली गाडी चढावर नेऊन थोपवणारे वेगळे फाटे बांधले, ब्रेक तपासल्याशिवाय गाडी खाली सोडायची नाही असे नियम केले आणि वेगावर कडक मर्यादा घातली. सडकेवर वेगाच्या मर्यादेखेरीज यातलं काही सक्तीचं नाही. घाटमाथ्यावर चहाला थांबताच आहात, तर चहा येईपर्यंत गाडीभोवती एक फेरी मारा. प्रत्येक चाकाजवळ हात नेऊन पाहा, ड्रमला हात लावायचा नाही, नुसती धग पाहायची. एखादं चाक इतरांपेक्षा जास्त तापलं असेल तर तिथे ब्रेक चिकटतोय. एखादं अगदीच गार असेल तर तिथला ब्रेक लागतच नाही, आणि त्याचं काम बाकीची चाकं करताहेत.

मागे ट्रेलर असेल तर

एक्झॉस्ट ब्रेक फक्त पुढच्या घोड्याच्या, म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या गाडीच्या, चालत्या चाकांवर काम करतो. ट्रेलरच्या चाकांना त्याची खबरही नसते. कोरड्या सरळ रस्त्यावर याने बिघडत नाही. पण ओल्या वळणावर मागचा पंचवीस-तीस टनांचा रेटा आणि पुढे आखडलेली चाकं अशी जोडी जमली, की ट्रेलर घोड्याला ढकलत बाजूला नेतो आणि दोघं एकमेकांवर दुमडतात. कसारा घाटात किंवा कशेडीत पावसाळ्यात आडवा पडलेला ट्रेलर पाहिला असेल, त्यामागे पुष्कळदा हेच असतं.

म्हणून निसरड्या रस्त्यावर वेगळा हिशेब. पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल वर येतं तेव्हा, धुक्यात ओलसर झालेल्या डांबरावर, किंवा चिखल सांडलेल्या टप्प्यावर एक्झॉस्ट ब्रेक बंद ठेवा किंवा चाकं घसरल्याची शंका येताच सोडा. त्याची भरपाई आणखी खालच्या गियरने आणि आणखी कमी वेगाने करा. घसरण सुरू झाल्यावर नवी गाडी तो आपणहून सोडते, जुन्या गाडीत ते चालकालाच करावं लागतं. गाडी रिकामी असेल तर सावधगिरी जास्तच हवी. रिकाम्या घोड्याच्या मागच्या चाकांवर भार नसतो, त्यामुळे ती लवकर घसरतात. भरलेल्या गाडीला जपून हाकणारा चालक परतीच्या रिकाम्या फेरीत ढिला पडतो, आणि नेमका तिथेच फसतो.

ट्रेलरचे स्वतःचे ब्रेक चांगले असणं ही एक्झॉस्ट ब्रेक वापरण्याची पहिली अट आहे. लाल आणि पिवळ्या नळ्यांच्या कपलिंगमधून हवा गळत नाही ना, ट्रेलरच्या प्रत्येक आसावर दांडा हलतो ना, हे निघण्याआधी दोघांनी मिळून तपासायचं. एक केबिनमध्ये पायडल दाबेल, दुसरा खाली वाकून पाहील. आपल्याकडे घोडा एकाचा आणि ट्रेलर दुसऱ्याचा असा प्रकार सर्रास चालतो. घोड्याचा मालक आपल्या गाडीचे लायनर वेळेवर बदलतो, ट्रेलरचे कोणाच्याच खिशातून बदलले जात नाहीत. मग घाटात सगळा भार घोड्यावर येतो आणि त्याचे लायनर निम्म्या काळात झिजतात. ज्याचे जास्त झिजतात तो मेस्त्रीला दोष देतो.

वजनाचाही विचार हवा. २०१८ मध्ये केंद्र सरकारने भारमर्यादा वाढवली. दोन आसांच्या ट्रकची १६.२ टनांवरून १८.५ वर, तीन आसांच्या ट्रकची २५ वरून २८.५ वर. कागदावरची मर्यादा वाढली तरी आधी घेतलेल्या गाडीचे ड्रम आणि एक्झॉस्ट ब्रेक त्या दिवशी मोठे झाले नाहीत. तीच गाडी तोच घाट आता दहा-पंधरा टक्के जास्त वजन घेऊन उतरते, तर तिचा उतारावरचा वेगही त्याच प्रमाणात खाली यायला हवा. वरचा ओव्हरलोड हा त्याहून वेगळा, आणि त्याला कुठलाच ब्रेक उपाय नाही.

ऊसवाल्यांसाठी दोन ओळी. गळिताच्या हंगामात ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या लावून उतार उतरणाऱ्यांकडे एक्झॉस्ट ब्रेक नसतो, ट्रॉल्यांना बहुधा ब्रेकही नसतात. त्यांना इंजिनाचा अडसर हाच आधार, म्हणून उताराच्या तोंडाशीच खालचा गियर आणि क्लचला पाय नाही. ट्रॅक्टरचे डावे-उजवे ब्रेक पायडल शेतात मोकळे ठेवलेले असतात, रस्त्यावर येण्याआधी ते कडीने एकत्र जोडा. एकच बाजू दाबली गेली तर दोन भरल्या ट्रॉल्या ट्रॅक्टरला जागेवर फिरवून टाकतील.

आणि इतकं करूनही ब्रेक गेलेच तर? गियर काढू नका. एक्झॉस्ट ब्रेक चालू राहू द्या, इंजिन अजून गाडीला धरून आहे. दिवे आणि हॉर्न लावा, ट्रेलरचा हातब्रेक असेल तर तो थोडा थोडा लावा, हँडब्रेकही एकदम न ओढता टप्प्याटप्प्याने. दरीची बाजू सोडून डोंगराची बाजू धरा. माती, खडीचा ढीग, कडेचं गटार, काहीही चाकाखाली आलं तरी ते पुढच्या गाड्यांच्या रांगेपेक्षा बरं. गाडीचं नुकसान भरून निघतं.

घाटाचा वेळही मालकाने हिशेबात धरायला हवा. दहा किलोमीटरचा उतार ताशी ४० ने पंधरा मिनिटांत संपतो, ताशी २० ने अर्ध्या तासात. प्रश्न पंधरा मिनिटांचा आहे. पोचायची वेळ बांधून देताना ती पंधरा मिनिटं आधीच धरलेली असली, तर चालकाला ती दुसरीकडून चोरावी लागत नाहीत. हे चालकापेक्षा मालकाच्या आणि माल पाठवणाऱ्याच्या हातात आहे.

देखभालीचं काम थोडंच आहे, पण ते कोणी करत नाही, कारण एक्झॉस्ट ब्रेक बिघडला तरी सपाट रस्त्यावर गाडी व्यवस्थित चालते. पाइपातली पाकळी काजळीने जड होते आणि अर्धवट फिरू लागते. महिनाभर बटणाला हातच लावला नाही, तर ती एका जागी धरूनही बसते. म्हणून घाट नसलेल्या मार्गावरच्या गाडीतही अधूनमधून तो लावत राहावं. पाकळी उघडी राहून अडकली तर बटण दाबून काही फरक पडत नाही. मिटलेली राहून अडकली तर गाडी ओढत नाही, काळा धूर सोडते, टर्बो तापतो, आणि मेस्त्री आधी इंजेक्टर उघडून बसतो. २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत धुराच्या वाटेवर गाळणी आणि सेन्सर असल्याने तिथे हातचं काही करायला जाऊ नका. डॅशबोर्डवर इशारा आला तर कंपनीच्या वर्कशॉपलाच दाखवा. सायलेन्सरमधली पाकळी काढून टाकली की गाडी हलकी पळते, असं सांगणारा मेस्त्री प्रत्येक हायवेवर एक तरी भेटतो. त्याच्याकडे पुन्हा गाडी नेऊ नका.

तपासणी अंगणातही होते. इंजिन चालू ठेवून हवा भरू द्या, मग एकाला खाली पाइपाशी उभं करा. चालत्या गाडीतच पाकळी बसते अशी काही गाड्यांची रचना असते, तिथे मोकळ्या रस्त्यावर पाहावं लागतं. जिथे उभ्या गाडीत लागतो, तिथे बटण दाबताच पाकळीचा बाहेरचा दांडा झटक्यात टोकापर्यंत फिरला पाहिजे आणि सोडताच तसाच परत आला पाहिजे. रखडत फिरला, अर्ध्यात थांबला किंवा नळीतून हवा फुसफुसली, तर पाकळी साफ करून, दांड्याला उष्णता सोसणारं वंगण देऊन आणि नळी बदलून घ्या. तोवर त्या गाडीला घाटाची फेरी देऊ नका.